आकाशाची साक्ष

रायगड जिल्ह्यातील दिवेआगर हे समुद्रकाठचे प्राचीन गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा ओलांडून पश्चिमेस गेले की लांबवर पसरलेली वाळू आणि तिच्यापलीकडे अथांग समुद्र दिसतो. सायंकाळी एखादे गलबत दूर जाऊ लागले, तर त्याचा तळ आधी दिसेनासा होतो, नंतर शीड, आणि शेवटी शिडाचे टोक. पृथ्वी सपाट असती तर सारे गलबत एकसारखे लहान लहान होत गेले असते. ते खालून वर असे का बुडते, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे.

या गावाचे आणि कालगणनेचे नाते फार जुने आहे. येथे सापडलेल्या एका ताम्रपटावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ नोंदलेला आहे. मराठी भाषेतील अगदी आरंभीच्या लेखांत या ताम्रपटाची गणना होते. शक, मास आणि तिथी सांगावयाची तर सूर्य व चंद्र यांच्या गती ठाऊक असाव्या लागतात. त्या गती मोजण्याचे शास्त्र ते ज्योतिषशास्त्र. याच किनाऱ्यावर त्या शास्त्राचा एक थोर पंडित होऊन गेला, आणि त्याच्याच काळात त्याच किनाऱ्यावर दूरच्या युरोपातील माणसे उतरली. दोन विद्या इतक्या जवळ आल्या, तरी त्यांची भेट होण्यास तीनशे वर्षे लागली. ती का लागली आणि अखेर कशी झाली, हे समजून घेण्याजोगे आहे.

दिवेआगराच्या उत्तरेस राजपुरीची खाडी लागते. ती ओलांडून मुरूडच्या पुढे गेले की नांदगाव येते. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहत असत. जुन्या ग्रंथांतील गणिताने ग्रह जेथे यावयास हवा तेथे तो प्रत्यक्ष आकाशात दिसत नाही, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले. ग्रंथ कितीही पूज्य असला तरी आकाश खोटे बोलत नाही, आणि म्हणून पुढच्या ज्योतिषांनीही वेळोवेळी वेध घेऊन गणित सुधारीत राहावे, असे त्यांचे मत होते.

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे पित्याहूनही अधिक कीर्तिमान झाले. त्यांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथातील गणित शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, या वर्षापासून सुरू होते. पूर्वीच्या पद्धतीत कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजावे लागत. ती संख्या गणेश दैवज्ञांच्या काळी सोळा लक्षांहून अधिक झाली होती. एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार करताना चूक होण्याचा संभव पदोपदी असे. गणेश दैवज्ञांनी सुमारे अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र योजले. चक्र पूर्ण झाले की दिवसांची मोजणी पुन्हा आरंभापासून. त्यामुळे हाताळावयाची संख्या कधीच फार मोठी होत नसे. त्रिकोणमितीतील अवघड कोष्टकांवाचूनही ग्रह कसे काढावे, याच्या युक्त्या त्यांनी दिल्या. शिवाय कोणत्या जुन्या ग्रंथातील कोणता ग्रह आकाशाशी जुळतो, हे पडताळून त्यांनी निवड केली. ग्रंथ सोपा आणि विश्वसनीय असल्यामुळे महाराष्ट्रातील व इतर अनेक प्रांतांतील पंचांगे पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्याच्या आधारे तयार होत राहिली.

याच सुमारास युरोपीय लोक या किनाऱ्यावर पाय रोवीत होते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले, आणि ‘ग्रहलाघवा’च्या काळानंतर एका वर्षातच, १५२१ मध्ये, नांदगावच्या उत्तरेस असलेल्या चौल येथे किल्ला बांधण्याची अनुज्ञा मिळविली. त्यांच्या जहाजांवरील नाविक सूर्य व तारे यांची उंची मोजून समुद्रात मार्ग काढीत. म्हणजे चौलच्या बंदरातही आकाशाचे वेध घेतले जात होते आणि नांदगावच्या अंगणातही. परंतु एकाचे ज्ञान दुसऱ्यास ठाऊक नव्हते.

व्यापारी आणि सैनिक यांच्यामागून ख्रिस्ती पाद्री आले. त्यांच्यातील जेसुइट पंथाचे लोक विद्येत निपुण असत. १५७८ च्या सप्टेंबरात मत्तेओ रिच्ची नावाचा एक तरुण इटालियन जेसुइट गोव्यास उतरला. रोम येथे तो क्लाव्हियस या थोर गणितज्ञाचा शिष्य होता. हाच क्लाव्हियस पुढे १५८२ मध्ये युरोपचे कॅलेंडर सुधारण्याच्या कामी प्रमुख ठरला. रिच्चीपाठोपाठ १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट गोव्यास आला. त्याने येथील भाषा मन लावून आत्मसात केली आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य रचले. भाषा मात्र भेटली, शास्त्र भेटले नाही. रिच्ची सुमारे चार वर्षे गोवे आणि कोची येथे राहिला व १५८२ मध्ये चीनकडे निघून गेला. त्याच्याजवळचे गणित आणि भूगोल नांदगावच्या परंपरेपर्यंत पोचले नाहीत.

चीनमध्ये निराळेच घडले. तेथे पाद्र्यांच्या हाती सत्ता नव्हती. ते परदेशी पाहुणे होते. राहण्याची परवानगी हवी, तर तेथील भाषा शिकणे, तेथील ग्रंथ वाचणे आणि तेथील विद्वानांना पटेल असे काही देणे आवश्यक होते. रिच्चीने अनेक वर्षे चिनी भाषेचा अभ्यास केला. १६०१ मध्ये त्याला पेकिंग या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, राहण्याची अनुमती मिळाली. तेथे शू ग्वांगची नावाच्या विद्वान अधिकाऱ्याशी त्याचा स्नेह जुळला. दोघे समोरासमोर बसत. रिच्ची युक्लिडची भूमिती तोंडी समजावून सांगे आणि शू ग्वांगची ती नेमक्या चिनी शब्दांत लिहून काढी. अशा रीतीने त्या ग्रंथाचे पहिले सहा भाग १६०७ मध्ये चिनी भाषेत छापले गेले. रिच्चीने जगाचा मोठा नकाशाही चिनी नावांसह तयार केला. पृथ्वी चौकोनी व सपाट आहे, असा समज चीनमध्ये दीर्घकाळ रूढ होता. पृथ्वी गोल आहे ही गोष्ट तेथील अनेकांना नवी वाटली. भारतात मात्र आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांत पृथ्वी गोल असल्याचे शेकडो वर्षांपूर्वीच सांगितले होते.

चीनमध्ये पंचांगास मोठे महत्त्व होते. सम्राट हा आकाशाचा पुत्र समजला जाई. ग्रहण सांगितल्या वेळी लागले नाही, तर तो राजसत्तेचा कमीपणा ठरे. सतराव्या शतकाच्या आरंभी जुन्या चिनी पद्धतीचे गणित चुकू लागले होते. १६१८ मध्ये योहान श्रेक आणि आडाम शाल हे दोघे जेसुइट गोव्यास उतरून पुढे चीनला गेले. श्रेक हा गॅलिलिओच्या विद्वत्सभेचा सदस्य होता. ग्रहणाच्या गणितात साहाय्य मिळावे म्हणून त्याने युरोपला पत्रे पाठविली. गॅलिलिओकडून मदत मिळाली नाही. केप्लर हा ज्योतिर्विद मात्र निराळ्या ख्रिस्ती पंथाचा असूनही त्याने मनापासून उत्तर लिहिले.

मग परीक्षेचा दिवस आला. २१ जून १६२९ या दिवशी सूर्यग्रहण होते. जुनी चिनी पद्धती, मुसलमान ज्योतिषांची पद्धती आणि नवी युरोपीय पद्धती, अशा तीन रीतींनी ग्रहणाची वेळ आधी काढून ठेवण्यात आली. कोणाचा ग्रंथ प्राचीन, कोणाचा धर्म थोर, हा प्रश्नच नव्हता. सूर्य काय सांगतो एवढेच पाहावयाचे होते. युरोपीय गणित सर्वांत अचूक ठरले. सम्राटाने शू ग्वांगचीच्या देखरेखीखाली पंचांगसुधारणेचे कार्यालय उघडले आणि पाद्री व चिनी ज्योतिषी तेथे एकत्र काम करू लागले.

हा विजय निर्वेध नव्हता. पुढे राजवट बदलली आणि आडाम शाल पंचांगखात्याचा प्रमुख झाला. परकीयांचा द्वेष करणाऱ्या काही अधिकाऱ्यांनी १६६४ मध्ये त्याच्यावर आरोप केले. वृद्ध शालला बंदिवासात टाकण्यात आले आणि त्याच्या पाच चिनी सहकाऱ्यांना प्राणास मुकावे लागले. विद्येचा निर्णय सत्तेने केला, की असा अनर्थ होतो. जुने गणित पुन्हा सुरू झाले आणि चुकाही पुन्हा सुरू झाल्या.

त्या वेळी गादीवर असलेला कांगशी सम्राट १६६८ मध्ये अवघा चौदा वर्षांचा होता. पण त्याची बुद्धी स्वच्छ होती. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना त्याने एक साधी कसोटी घातली. ठरलेल्या उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभा दांडा, मध्यान्ही किती लांब छाया टाकील, हे आधी सांगा. डिसेंबरच्या अखेरीस तीन दिवस ही परीक्षा झाली. फर्डिनांड व्हर्बीस्ट या जेसुइटाने गणित करून छायेची खूण आधीच करून ठेवली आणि सूर्याची छाया त्या खुणेवर येऊन पोचली. प्रतिपक्षास हे जमले नाही. दुसऱ्या वर्षी पंचांगखाते व्हर्बीस्टकडे आले.

शंकूची ही परीक्षा कोणालाही करता येते. डिसेंबरच्या त्या दिवसांत बीजिंग येथे मध्यान्हीची छाया दांड्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट पडते. त्याच दिवशी दिवेआगराच्या वाळूत दांडा रोवला, तर छाया दांड्याहून थोडी आखूडच भरेल. बीजिंग उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य क्षितिजाकडे अधिक कललेला दिसतो. गावाचे स्थान आणि दिवस ठाऊक असेल, तर छाया आधी सांगता येते. भारतीय ज्योतिषीही प्राचीन काळापासून असाच शंकू वापरीत आले आहेत. साधन दोन्हीकडे एकच होते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. पाद्र्यांनी चीनला सर्व काही दिले नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसने १५४३ मध्ये प्रसिद्ध केले होते. परंतु १६१६ मध्ये त्यांच्याच धर्मपीठाने या मतावर बंदी घातली. त्यामुळे त्यांनी पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे असे मानणारीच पद्धती चीनमध्ये शिकविली. ज्यांनी इतरांच्या ग्रंथांतील चुका दाखविल्या, त्यांच्याही हातांना बेड्या होत्याच.

भारतात अशी भेट घडवून आणण्याचा मोठा प्रयत्न जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी केला. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे त्यांनी दगड-चुन्याच्या प्रचंड वेधशाळा उभारल्या. परंपरेनुसार मूळचे महाराष्ट्रीय असलेले जगन्नाथ पंडित हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. जगन्नाथांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली आणि ‘सम्राट् सिद्धान्त’ हा ग्रंथ सिद्ध केला. युरोपात काय चालले आहे, हे जाणण्यासाठी जयसिंहांनी १७२७ मध्ये फिगरेदो या जेसुइट पाद्र्याबरोबर एक शिष्टमंडळ पोर्तुगालला पाठविले. ते गोव्याच्या मार्गाने गेले आणि काही वर्षांनी परतले. त्यांनी ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके आणली.

जयसिंहांनी ती कोष्टके डोळे मिटून स्वीकारली नाहीत आणि परकीय म्हणून फेकूनही दिली नाहीत. आपल्या वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक येते, असे त्यांनी नोंदवून ठेवले. पूर्णचंद्राचे बिंब आकाशात जेवढे रुंद दिसते, तेवढीच ही चूक. जी कसोटी पेकिंगला युरोपीय गणितास उपकारक ठरली, तिनेच जयपुरात युरोपीय गणिताचे उणे दाखविले. आकाश कोणाचाही पक्षपात करीत नाही.

आता पुन्हा मराठी मुलखाकडे वळावे. चीनमध्ये पाद्री पाहुणे म्हणून गेले होते. गोव्यात ते राज्यकर्त्यांच्या बरोबर आले होते. तेथे देवळे पाडली गेली आणि १५६० पासून धर्मन्यायालयाचा धाक सुरू झाला. ज्या घरात भय असते, तेथे शास्त्रचर्चा रंगत नाही. दोन विद्या तीनशे वर्षे शेजारी राहूनही अपरिचित राहिल्या, याचे हे एक मोठे कारण होय.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईस आले. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८४२ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. ग्रहणात राहू सूर्यास गिळतो ही समजूत खोटी आहे, असे पाद्री सांगत आणि त्यावरून येथील धर्मावरच आक्षेप घेत. परंतु चंद्रग्रहण हे पृथ्वीच्या छायेमुळे आणि सूर्यग्रहण हे मध्ये चंद्र आल्यामुळे होते, हे आपल्या सिद्धान्तग्रंथांत पूर्वीच लिहिले होते. गणेश दैवज्ञही त्याच नियमाने ग्रहण काढीत. मध्यंतरी लोकांना पुराणकथा तेवढी ठाऊक राहिली होती आणि गणित विसरले गेले होते.

ही गोष्ट नेमकी ओळखली ती सुबाजी बापू या पंडितांनी. ते भोपाळजवळील सिहोर येथे होते. तेथील इंग्रज अधिकारी लान्सेलॉट विल्किन्सन हे स्वतः भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे अभ्यासक होते आणि सिहोरच्या पाठशाळेत तोच ग्रंथ पाया म्हणून शिकविला जावा, असा त्यांचा आग्रह होता. येथील विद्यार्थ्याला आधी त्याच्याच पूर्वजांचे शास्त्र शिकवावे आणि तेथून पुढची पायरी कोपर्निकसची दाखवावी, ही त्यांची रीत होती. सुबाजी बापूंनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणांतील वर्णन, सिद्धान्तांतील गणित आणि युरोपातील नवे मत, ही तिन्ही त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि जे पटले ते निर्भयपणे मांडले. नवे शास्त्र स्वीकारण्यासाठी आपला धर्म सोडावा लागतो असे त्यांना वाटले नाही, आणि धर्म राखण्यासाठी डोळ्यांना दिसणारे सत्य नाकारावे असेही वाटले नाही.

अखेर हे कार्य पूर्ण करण्याचा मान रायगडच्या किनाऱ्यानेच मिळविला. अलिबागजवळील नागाव हे केरो लक्ष्मण छत्रे यांचे जन्मस्थान. मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयात ऑर्लेबार या इंग्रज प्राध्यापकाजवळ त्यांनी गणित व ज्योतिष शिकले आणि मुंबईच्या कुलाबा भागातील वेधशाळेत ते साहाय्यक झाले. तेथे वर्षानुवर्षे नोंदी करताना त्यांची दृष्टी घडली. पुढे पुण्यास ते नामांकित अध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी होत.

‘ग्रहलाघवा’ला तोवर साडेतीन शतके होत आली होती. एवढ्या काळात त्याच्या गणितातील बारीक चूक साठत साठत मोठी झाली होती. पंचांगातील ग्रहणाची वेळ आणि आकाशातील वेळ यांत अंतर पडू लागले होते. छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ १८६० मध्ये तयार केला. त्यावरून १८६५ च्या सुमारास नवे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग. पुष्कळांना हा बदल रुचला नाही. पूर्वजांनी घालून दिलेले गणित मोडणे हा त्यांचा अवमान आहे, असे त्यांना वाटे. पण नांदगावच्या केशव दैवज्ञांनीच आपल्या मागून येणाऱ्यांना वेध घेऊन गणित सुधारण्यास सांगितले होते. नागावच्या छत्र्यांनी ते गणित बदलले, तेव्हा त्यांनी पूर्वजांची आज्ञा मोडली नाही, पाळलीच.

१८८४ मध्ये छत्रे निवर्तले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूच्यांच्या नोंदी बिघडतील, हे ध्यानात आले. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणाचे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. जेथे छत्र्यांनी वेध घेण्यास आरंभ केला, त्या वेधशाळेचे एक अंग असे त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी येऊन वसले. तेथील नोंदी आजही चालू आहेत.

ज्ञान जहाजातून येते, ग्रंथातून येते, कधी परक्याच्या तोंडून येते आणि कधी आपल्याच घरच्या विसरलेल्या पोथीतून. ते कोठून आले यावर त्याचे खरेखोटेपण ठरत नाही. दिवेआगराच्या वाळूत एक सरळ दांडा रोवावा आणि मध्यान्हीची छाया मोजावी. केशव दैवज्ञ आणि व्हर्बीस्ट या दोघांनीही ज्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, तो सूर्य आजही तीच साक्ष देण्यास उभा आहे.